दोन वेगळ्या कंपन्यांचे अ‍ॅरे आणि ‘एकही व्यवहार जाता कामा नये’ ही अट: डीआरसाठी रेप्लिकेशनचे नियोजन कसे करावे?

प्रश्न

नमस्कार.

आमच्या संस्थेचे मुख्य डेटा सेंटर आणि आपत्कालीन वापरासाठी (डीआर, म्हणजे डिझास्टर रिकव्हरीसाठी) नव्याने उभे राहत असलेले दुय्यम केंद्र, या दोहोंमधील रेप्लिकेशनचे, म्हणजे एकीकडच्या डेटाची दुसरीकडे सतत प्रत ठेवण्याचे, नियोजन माझ्याकडे आले आहे. सर्व्हर आणि बॅकअप हे माझे रोजचे काम असले, तरी दोन स्टोरेजमधील रेप्लिकेशन मी आजवर एकाच खोलीतल्या दोन अ‍ॅरेंमध्येच (अनेक डिस्कच्या सामायिक स्टोरेज संचांमध्येच) केलेले आहे. म्हणून परिस्थिती सविस्तर मांडून जाणकारांचे मत विचारतो आहे.

मुख्य केंद्रात यंदा नवा ऑल-फ्लॅश अ‍ॅरे येत आहे. सध्याचा जुना अ‍ॅरे, ज्यात फ्लॅश थोडे आणि फिरत्या डिस्क अधिक आहेत, तो दुय्यम केंद्रात हलवायचा असे ठरले आहे. दोन्ही वेगवेगळ्या कंपन्यांचे आहेत. वापरातला डेटा ४२ टीबी असून त्यात सुमारे ६० व्हर्च्युअल मशीन, स्वतंत्र फिजिकल सर्व्हरवर चालणारे दोन मोठे डेटाबेस आणि एक फाइल सर्व्हर येतो. चाचणी लिंकवर दोन केंद्रांमधील पिंग ९ मिलिसेकंदांच्या आसपास मिळते.

इन्क्रिमेंटल बॅकअपच्या अहवालांनुसार दिवसाला साधारण ९०० जीबी डेटा बदलतो. त्याला २४ तासांनी भागले तर सरासरी ८३ एमबीपीएस (मेगाबिट प्रतिसेकंद; आठ बिट म्हणजे एक बाइट) येते. त्यामुळे २०० एमबीपीएसची लिंक दुपटीहून अधिक मोकळीक ठेवेल असे पुरवठादाराचे म्हणणे आहे, आणि वरकरणी ते मलाही पटते.

व्यवस्थापनाची अपेक्षा एका वाक्यात आली आहे: एकही व्यवहार जाता कामा नये आणि सर्व काही चार तासांत सुरू झाले पाहिजे. ‘शून्य हानी’ याच अंतरावर शक्य नसेल तर दुय्यम केंद्र २० किलोमीटरवर घेण्याचाही पर्याय आहे. लिंकचा हिशेब बरोबर आहे का, वेगळ्या कंपन्यांच्या अ‍ॅरेंमध्ये रेप्लिकेशन कोणत्या पातळीवर करावे, आणि अंतराबाबत काय सल्ला द्याल?


पहिले उत्तर

आपल्या प्रश्नातील सर्वांत धोक्याचा आकडा ९०० जीबी हा आहे, कारण तो खरा असूनही आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देत नाही. इन्क्रिमेंटल बॅकअप दिवसातून एकदा पाहतो आणि कालच्यापेक्षा वेगळा दिसणारा प्रत्येक ब्लॉक एकदाच उचलतो. तो ब्लॉक दिवसभरात एकदा लिहिला गेला की पन्नास वेळा, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. याउलट सिंक्रोनस रेप्लिकेशन (प्रत्येक लेखनाला पलीकडच्या पोचेची वाट पाहणारे), किंवा जर्नल, म्हणजे लेखनांची नोंदवही, ठेवून ती क्रमाने मागाहून पाठवणारे असिंक्रोनस रेप्लिकेशन, सामान्यतः प्रत्येक लेखन पलीकडे नेते. डेटाबेसच्या लॉगसारख्या (प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या), त्याच जागेवर फिरून फिरून लिहिल्या जाणाऱ्या फायलींमुळे हा फरक कित्येक पटींचा होऊ शकतो. स्नॅपशॉटमधील (एका क्षणाच्या स्थितीच्या प्रतींमधील) फरक ठरावीक अंतराने पाठवणारी पद्धत यांच्या मधोमध बसते. अंतर जितके मोठे, तितकी एकाच ब्लॉकवरची लेखने एकात एक मिसळतात आणि लिंकवरचा भार हलका होतो, पण तितकाच अधिक डेटा पणाला लागतो.

दुसरी गोष्ट सरासरीची. रेप्लिकेशन रात्रीच्या शांततेत दुपारचे काम उरकू शकते हे खरे, पण तेवढा वेळ दुय्यम केंद्र मागे पडलेले असते, आणि आपत्ती नेमकी त्याच वेळी आली तर मागे पडलेला तो सगळा डेटा जातो. म्हणून अ‍ॅरेवरून किंवा सर्व्हरवरील आयओस्टॅट, सार यांसारख्या साधनांनी लेखनाचा वेग किमान दोन आठवडे, पाच-पाच मिनिटांच्या नोंदींसह, महिनाअखेर धरून मोजावा. ताशी सरासरी घेऊ नये, कारण दहा मिनिटांची उसळी तिच्यात विरघळून जाते. मोजणी व्हॉल्यूमनिहाय ठेवावी. स्वॅप, टेम्पररी डेटाबेस आणि बॅकअपची मधली जागा असे जे पलीकडे नेण्याचे कारणच नाही, ते त्याशिवाय वेगळे काढता येणार नाही.

पहिली पूर्ण प्रत हा वेगळाच हिशेब आहे आणि तो बहुतेक प्रस्तावांत नसतो. ४२ टीबी २०० एमबीपीएसवर पूर्ण वेगाने पाठवले तरी सुमारे साडेएकोणीस दिवस लागतात. त्याच लिंकवरून आपले रोजचे ८३ एमबीपीएसचे बदलही जाणार असतील तर उरतात ११७, आणि मग ३३ दिवस. एवढ्यात एकदा जरी पूर्ण प्रत पुन्हा घ्यावी लागली तर दुसरा महिना. त्यापेक्षा जुना अ‍ॅरे हलवण्यापूर्वीच नव्याच्या शेजारी ठेवून १० जीबीपीएसच्या स्थानिक नेटवर्कवर पहिली प्रत पूर्ण करावी. कागदावर ती साडेनऊ तासांची आहे, प्रत्यक्षात एक-दोन दिवस धरावेत. त्यानंतर अ‍ॅरे गाडीत चढवावा आणि प्रवासाच्या काळातले बदल तेवढे लिंकवरून पाठवावेत. त्या काळातले बदल रेप्लिकेशनचे सॉफ्टवेअर लक्षात ठेवू शकते याची खात्री मात्र आधी करून घ्यावी.

आता ‘शून्य हानी’. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे दर किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद. आपले ९ मिलिसेकंद बहुतांशी अंतराचेच असणार, आणि ते कोणतेही उपकरण विकत घेऊन कमी होत नाहीत. सिंक्रोनसमध्ये पलीकडून पोच आल्याशिवाय लेखन पूर्ण मानले जात नाही. स्थानिक फ्लॅशवर अर्ध्या मिलिसेकंदात होणारे लेखन त्यामुळे साडेनऊवर जाईल, आणि प्रोटोकॉल एका लेखनासाठी दोन फेऱ्या मारत असेल तर साडेअठरावर. एकामागून एक कमिट करणारी (व्यवहार पक्के नोंदवणारी) एखादी रात्रीची प्रक्रिया सेकंदाला २,००० कमिट करत असेल तर ती १०५ वर येईल. तासाभराचे काम एकोणीस तासांचे होईल. वापरकर्त्यांचा पहिला फोन येण्यासाठी आपत्तीची गरज उरणार नाही.

शिवाय सिंक्रोनस म्हणजे शून्य हानी हेही अर्धेच खरे. लिंक तुटली तर काय करायचे, हे आपल्यालाच ठरवावे लागते: मुख्य केंद्रातले लेखन थांबवायचे, की प्रतीविना काम चालू ठेवायचे? बहुतेक जण दुसरा पर्याय निवडतात, आणि तो व्यवहार्यही आहे. परंतु मोठी आपत्ती एका क्षणात येत नाही. आधी लिंक जाते, मग काही मिनिटांनी किंवा तासांनी वीज जाते, आणि मधल्या काळातले सगळे व्यवहार एकाच ठिकाणी असतात. व्यवस्थापनापुढे हा प्रश्न याच शब्दांत ठेवावा: ‘लिंक तुटल्यावर काम बंद ठेवण्याची आपली तयारी आहे का?’ याचे उत्तर ‘नाही’ असे आले, की ‘एकही व्यवहार’ ही अट आपोआप मिनिटांच्या भाषेत येते.

२० किलोमीटरचा पर्याय मी स्वीकारणार नाही. तिथे प्रकाशाची जाऊन-येऊन फेरी ०.२ मिलिसेकंदांची होते आणि सिंक्रोनस सहज चालते, पण पूर, भूकंप, वीजपुरवठा आणि केबलचा मार्ग या गोष्टी दोन्ही केंद्रांना समान होतात. १० मार्च २०२१ रोजी स्ट्रासबर्ग येथील ओव्हीएचक्लाउडच्या आवारात आग लागली, तेव्हा एक इमारत पूर्ण जळाली आणि शेजारच्या इमारतीचाही काही भाग गेला. ज्या ग्राहकांच्या बॅकअप प्रती त्याच आवारात होत्या, त्यांच्यापैकी काहींचा डेटा मूळ प्रतीसह नष्ट झाला. २० किलोमीटर म्हणजे एक आवार नव्हे, हे मान्य आहे. तरी ज्यांना सिंक्रोनस हवेच असते ते जवळ एक आणि दूर एक अशी तीन केंद्रे ठेवतात. दोनच ठेवायची असतील तर दूरचे ठेवावे.


दुसरे उत्तर

वरील हिशेबाशी सहमत आहे, मात्र आपल्या दुसऱ्या प्रश्नाला त्यात हात लागलेला नाही.

अ‍ॅरेच्या पातळीवरचे रेप्लिकेशन साधारणपणे एकाच कंपनीच्या, आणि अनेकदा एकाच मालिकेतल्या अ‍ॅरेंमध्ये चालते. दोन वेगळ्या कंपन्यांच्या अ‍ॅरेंमध्ये ते करायचे तर दोन्हींच्या पुढे स्टोरेज व्हर्च्युअलायझेशनचा थर बसवावा लागेल. तो थर स्वतःच एक महागडी आणि सांभाळावी लागणारी व्यवस्था होऊन बसतो. माझ्या मते आपण अ‍ॅरेंना या कामातून पूर्ण मोकळे करावे. व्हर्च्युअल मशीनसाठी हायपरव्हायजरच्या (ती मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) पातळीवरचे रेप्लिकेशन वापरावे, म्हणजे खाली कोणता अ‍ॅरे आहे याने फरक पडणार नाही. दोन्ही डेटाबेससाठी त्यांचीच लॉग पाठवण्याची सोय वापरावी. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये लॉग सतत पाठवत राहण्याची (स्ट्रीमिंगची) सोय ९.० या आवृत्तीपासून, म्हणजे २०१० पासून आहे. ओरॅकलचे डेटा गार्ड त्याहूनही जुने आहे. फाइल सर्व्हरसाठी फायलींच्या पातळीवरचे ठरावीक वेळचे सिंक पुरेल.

डेटाबेसबाबत मी आग्रही असण्याचे कारण केवळ सुसंगतीचे नाही. स्टोरेजला आपण काय वाहून नेतो आहोत हे कळत नाही. मूळ डिस्कवर एखादा ब्लॉक बिघडून लिहिला गेला, तर तो तसाच, अगदी इमानेइतबारे, पलीकडे लिहिला जातो. डेटाबेसची स्वतःची प्रतिकृती मात्र लॉगमधील नोंदी पुन्हा लागू करून बनते, त्यामुळे खालच्या थरातला असा बिघाड सहसा तिच्यापर्यंत पोहोचत नाही. कोणी चुकून टेबल काढून टाकले, तर मात्र दोन्ही पद्धती सारख्याच निरुपयोगी; खंडणीखोर सॉफ्टवेअरने फायली कुलूपबंद केल्या, तर त्या फायलींच्या आणि व्हर्च्युअल मशीनच्या प्रतीही तशाच. तो बदलही लेखनच असतो आणि तो तितक्याच तत्परतेने पलीकडे जातो. त्यासाठी दुय्यम केंद्रात मागील काही दिवसांचे, मुख्य केंद्रातील प्रशासकालाही पुसता न येणारे स्नॅपशॉट ठेवावेत आणि बॅकअप जसा आहे तसा चालू ठेवावा. रेप्लिकेशन आले म्हणून टेप बंद केलेली ठिकाणे मी पाहिली आहेत.

या मार्गाची किंमतही सांगतो. तीन साधने म्हणजे तीन वेगवेगळ्या वेळांच्या प्रती. डेटाबेस ११ वाजून ४ मिनिटांवर उभा राहील आणि फाइल सर्व्हर पावणेअकराच्या स्थितीत. ज्या नोंदीला जोडलेले कागदपत्र १०:५० ला चढवले, ती नोंद दिसेल आणि कागदपत्र उघडणार नाही. आपल्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये असे जोडकाम कुठे आहे, याची यादी अ‍ॅप्लिकेशनवाल्यांकडून आधी घ्यावी. जिथे दोन गोष्टी एकाच क्षणाच्या असणे अनिवार्य आहे, तिथे त्या एकाच साधनाखाली, एकाच कन्सिस्टन्सी ग्रुपमध्ये आणाव्या लागतील. बाकी ठिकाणी फेलओव्हरनंतर (काम दुय्यम केंद्राकडे वळवल्यानंतर) अनाथ नोंदी शोधणारी एक क्वेरी तयार ठेवली की भागते.

जुन्या अ‍ॅरेची क्षमताही तपासावी. आज तो मुख्य केंद्राचा भार पेलतो आहे खरा, पण नव्या फ्लॅशवर गेल्यानंतर वर्षभरात अ‍ॅप्लिकेशनचा भार वाढेल, आणि आपत्तीच्या दिवशी तो वाढलेला भार या जुन्या डिस्कवर येईल. तेव्हा चार तासांत ‘सुरू’ आणि चार तासांत ‘वापरण्यायोग्य’ यांतला फरक कळेल.


तिसरे उत्तर

वरील दोघांनी डेटा पलीकडे कसा न्यावा हे सांगितले आहे. मी तो पलीकडे गेल्यानंतरचे, आणि थोडे स्वतःच्या फजितीचे सांगतो.

आमच्याकडे अ‍ॅरेच्या पातळीवरचे असिंक्रोनस रेप्लिकेशन होते. पडद्यावर सगळे गट हिरवे, मागे पडण्याचा वेळ कधी दहा मिनिटांवर गेला नाही. वार्षिक ड्रिलच्या (आपत्तीच्या सरावाच्या) रात्री दुय्यम केंद्रात डेटाबेस सर्व्हरला लन (अ‍ॅरेने सर्व्हरला दिलेले साठवणुकीचे भाग) जोडले, रीस्कॅन केले, आणि व्हॉल्यूम ग्रुप चालू होईना. संदेश एवढाच, की एक फिजिकल व्हॉल्यूम सापडत नाही. अ‍ॅरे बरोबर, झोनिंग बरोबर, चार लन दिलेले आणि चारही दिसत होते. तासाभराने कोणीतरी मुख्य केंद्रातली यादी उघडली, तर तिथे पाच होते. अकरा आठवड्यांपूर्वी जागा संपत आली म्हणून रात्री घाईत ५०० जीबीचा एक लन वाढवला गेला होता. त्या कामाच्या तिकिटात लन बनवणे, रीस्कॅन करणे, ग्रुप वाढवणे, फाइल सिस्टिम वाढवणे अशा चारही पायऱ्या होत्या, पण तो लन रेप्लिकेशनच्या गटात घालण्याची ओळ नव्हती. हिरवा दिवा खोटे बोलत नव्हता. त्याला माहीत असलेल्या चार लनपुरता तो खराच होता. खरी आपत्ती असती तर अकरा आठवडे आमच्याकडे डीआर नव्हतेच, असे म्हणावे लागले असते.

तेव्हापासून रोज सकाळी एक छोटी स्क्रिप्ट सर्व्हरला दिसणाऱ्या लनची यादी आणि रेप्लिकेशन गटांतली यादी ताडून पाहते व फरक असेल तर मेल पाठवते. आपण हायपरव्हायजरच्या पातळीवर करणार असाल तरी हाच धोका आहे, फक्त लनऐवजी नवे व्हर्च्युअल मशीन किंवा जुन्या मशीनला जोडलेली नवी डिस्क असेल.

ड्रिलबाबत एवढेच सांगतो, की मुख्य केंद्र चालू असताना, दुय्यम केंद्रातील प्रतीचा क्लोन काढून, वेगळ्या तोडलेल्या नेटवर्कमध्ये ती घ्यावी, आणि ती घेतानाही रेप्लिकेशन चालूच राहावे. पहिल्या ड्रिलमध्ये डेटा सोडून बाकी सगळे अडते: डिरेक्टरी आणि डीएनएस आधी उठायला हवे होते हे तेव्हा आठवते, परवाने जुन्या सर्व्हरच्या ओळखीला बांधलेले निघतात, आणि कोणत्यातरी कॉन्फिगरेशन फाइलमध्ये मुख्य केंद्राचा आयपी पत्ता जसाच्या तसा लिहिलेला सापडतो. चार तासांचे घड्याळ आपत्तीच्या क्षणी सुरू होते, फेलओव्हरचे बटण दाबल्यावर नव्हे. ‘ही आपत्ती आहे’ असे कोण जाहीर करणार, हे ठरलेले नसेल तर पहिले दोन तास फोनवरच जातात.

तरीही तो निर्णय यंत्रावर सोपवावा असे मी म्हणणार नाही. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी गिटहबच्या एका केंद्राचा संपर्क देखभालीच्या कामादरम्यान अवघे ४३ सेकंद तुटला होता. तेवढ्यात स्वयंचलित व्यवस्थेने डेटाबेसचे मुख्यपद दुसऱ्या किनाऱ्यावरच्या केंद्राकडे नेले. दोन्हीकडे अशी लेखने राहिली जी दुसरीकडे नव्हती, आणि सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटे लागली. दोनच केंद्रे आणि मधली एकच लिंक असेल, तर ‘पलीकडचे केंद्र बुडाले’ आणि ‘लिंक तुटली’ यांतला फरक कोणत्याही केंद्राला आतून कळू शकत नाही. त्यासाठी तिसऱ्या जागी एखादा साक्षीदार सर्व्हर हवा, नाहीतर माणूस हवा. तसेच फेलओव्हरनंतर जुने मुख्य केंद्र अचानक जिवंत झाले तर ते वापरकर्त्यांना सेवा देऊ लागणार नाही, याची तजवीज आधीच लिहून ठेवावी.

आणखी एक बारकावा, जो चुकला की महागात पडतो. लिंक बराच काळ तुटून पुन्हा जुळली, की अनेक व्यवस्था बदललेले ब्लॉक लेखनाच्या क्रमाने न पाठवता नकाशा पाहून, जसे सापडतील तसे पाठवतात. हे काम पूर्ण होईपर्यंत दुय्यम केंद्रातली प्रत कोणत्याच एका क्षणाची नसते, म्हणजे ती वापरण्यालायक नसते. मुख्य केंद्र त्याच वेळी गेले तर कालची शिळी का होईना, पण सुसंगत अशी प्रत हाती असायला हवी. म्हणून ही पुन्हा जुळवणी (रीसिंक) सुरू होण्यापूर्वी दुय्यम बाजूला स्नॅपशॉट निघेल अशी सेटिंग करावी, आणि त्यासाठी जागा राखून ठेवावी.


प्रश्नकर्त्याकडून

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोन आठवडे मोजणी करून पुन्हा लिहितो आहे.

लेखनाचा खरा वेग सरासरी २२ मेगाबाइट प्रतिसेकंद निघाला, म्हणजे दिवसाला सुमारे १.९ टीबी. बॅकअपने सांगितलेल्या आकड्याच्या दुपटीहून थोडे अधिक. कामाच्या वेळेत तो ४५ पर्यंत चढतो. मात्र सर्वांत मोठी उसळी रात्री सव्वा ते तीन या वेळात आहे आणि ती १४० मेगाबाइटची आहे. ती डेटाबेसच्या इंडेक्स पुनर्बांधणीची निघाली. गंमत अशी, की हे काम दर रात्री सर्व इंडेक्सवर चालते हे आमच्या डेटाबेसवाल्यांच्याही विस्मरणात गेले होते. स्वॅप आणि टेम्पररी डेटाबेस वेगळे काढल्यावर दिवसाचा आकडा सुमारे चौथाईने उतरला.

व्यवस्थापनापुढे लिंक तुटण्याचा प्रश्न सुचवलेल्याच शब्दांत ठेवला. खोलीत थोडा वेळ शांतता होती, आणि नंतर अट बदलली. डेटाबेससाठी ५ मिनिटे, व्हर्च्युअल मशीनसाठी एक तास, फाइल सर्व्हरसाठी चार तास असे आता लेखी ठरले आहे. २० किलोमीटरचा पर्याय मागे पडला. पद्धतीबाबत दुसऱ्या उत्तरातला मार्ग घेतो आहे. लिंक ३०० एमबीपीएसची मागवावी असा विचार आहे.

दोन शंका उरल्या आहेत. डेटाबेसच्या लॉगचा वेग दिवसा १८ मेगाबाइटच्या वर जात नाही, म्हणजे १४४ एमबीपीएस, तेव्हा ३०० पुरेसे वाटते. परंतु रात्रीच्या त्या वेळात एकट्या लॉगचा वेग ७० मेगाबाइटवर जातो. लॉगला लिंकवर प्राधान्य दिले तर हे निभावेल का? दुसरे असे, की चाचणी लिंक २०० एमबीपीएसची असूनही एका जोडणीने कॉपी केल्यास वेग ५७-५८ एमबीपीएसच्या वर जातच नाही. लिंक पुरवणारी कंपनी म्हणते, लिंक निर्दोष आहे.


पहिल्या उत्तरकर्त्याकडून

आधी सोपी शंका. लिंक पुरवणारी कंपनी बरोबर असण्याचीच शक्यता अधिक आहे. टीसीपी पोच येण्याची वाट न पाहता जेवढा डेटा वाटेत ठेवू शकते, ती मर्यादा विंडो स्केलिंग (ही मर्यादा वाढवणारी सोय) नसेल तर ६५,५३५ बाइट असते. ९ मिलिसेकंदांत एकदा ६५,५३५ बाइट म्हणजे सेकंदाला ७.२८ मेगाबाइट, म्हणजेच ५८ एमबीपीएस. आपला आकडा तंतोतंत हाच आहे. दोन्ही टोकांवर, आणि मधल्या फायरवॉलमध्येही, विंडो स्केलिंग चालू आहे का ते पाहावे. कनेक्शन सुरू होतानाच्या पॅकेटमधून तो पर्याय काढून टाकणारे फायरवॉल असतात. ते जमले नाही तर समांतर जोडण्या वापराव्या लागतील.

रात्रीच्या लॉगबाबत मात्र प्राधान्य कामाला येणार नाही, कारण अडथळा लॉग आणि इतर वाहतूक यांच्यात नाही. पुनर्बांधणीची लेखने आणि त्याच वेळचे खरे व्यवहार हे दोन्ही एकाच लॉगमध्ये, एकामागे एक उभे आहेत. लिंक पूर्णपणे लॉगला दिली तरी ३०० एमबीपीएस म्हणजे ३७.५ मेगाबाइट. सव्वाला काम सुरू होते आणि १०५ मिनिटांत ४४१ जीबी लॉग तयार होतो, त्यातला तीन वाजेपर्यंत २३६ जीबी पलीकडे पोहोचतो. त्या क्षणी दुय्यम केंद्र २:११ च्या स्थितीत असते, म्हणजे ४९ मिनिटे मागे. इथे बहुतेक जण समजतात की काम संपले, आता अंतर घटू लागेल. उरलेला लॉग घटू लागतो हे खरे, पण मागे पडण्याचा वेळ वाढतच राहतो, कारण दुय्यम केंद्र अजून त्या दाट भागातूनच चाललेले असते. तीन वाजताची नोंद तिथे ४:३१ ला पोहोचते, तेव्हा अंतर ९१ मिनिटांचे झालेले असते, आणि त्यानंतरच ते झपाट्याने मिटते. ५ मिनिटांची लेखी हमी दर रात्री तीन तासांहून अधिक काळ मोडलेली राहील. शिवाय न पोहोचलेला २०५ जीबी लॉग मुख्य केंद्रात कुठेतरी साठवावा लागेल, हेही लॉगच्या डिस्कचा आकार ठरवताना धरावे.

यावर लिंक वाढवणे हा सर्वांत महाग उपाय आहे: ७० मेगाबाइटसाठी ५६० एमबीपीएस लागतील, तेही रात्रीच्या पावणेदोन तासांसाठी. त्याऐवजी डेटाबेसवाल्यांबरोबर बसून सगळ्या इंडेक्सची रोज पुनर्बांधणी करण्याची खरोखर गरज आहे का ते तपासावे. विस्कळीतपणा ठरावीक मर्यादेपलीकडे गेलेलेच इंडेक्स घ्यावेत, मोठे इंडेक्स आठवड्याच्या वेगवेगळ्या रात्री वाटून द्यावेत आणि कामाला वेगाची मर्यादा घालावी. लॉगचा वेग ३० मेगाबाइटच्या आत आला तर ३०० एमबीपीएसमध्ये अंतर मिनिटांच्या आत राहील. तसे न जमल्यास ‘रात्री सव्वा ते पहाटे पाच या वेळात हमी दोन तासांची’ असे त्या लेखी कागदावरच नमूद करून घ्यावे.

मागे पडण्याचा वेळ साधनाच्या पडद्यावरून न वाचता स्वतः मोजावा. मुख्य डेटाबेसमध्ये एक छोटे टेबल ठेवून त्यात दर ३० सेकंदांनी वेळेची नोंद करावी, आणि दुय्यम केंद्रातील प्रतिकृतीत तिची सर्वांत ताजी नोंद किती जुनी आहे ते पाहावे. लॉग पोहोचला पण लागू झाला नाही, अशा वेळी पडदा हिरवा राहतो आणि हे टेबल मात्र खरे सांगते. हमी ५ मिनिटांची असेल तर इशारा तिसऱ्या मिनिटाला लावावा, आणि दोन्ही केंद्रांतील सर्व्हर एकाच स्रोतावरून वेळ घेतात ना, हे त्याआधी पाहून ठेवावे. घड्याळे चार मिनिटांनी वेगळी असतील तर हा इशारा एकतर सतत वाजेल, नाहीतर हवा तेव्हा वाजणार नाही.